आधी मांड, मग लगाम

घोडी विकत घ्यायला गेलात की आधी तिचं तोंड उघडून बघा. दातांवरून वय काढता येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मी ओठांचे कोपरे बघते. तिथली कातडी टणक आणि पांढुरकी झालेली असेल, तर आधीच्या स्वाराचा हात कसा होता ते विचारावं लागत नाही. आमची चंद्री आली ती अशीच. कोल्हापूरच्या लग्नसराईत आठ-दहा वर्षं नाचलेली पांढरी घोडी, तोंडात काटेरी बिट, म्हणजे लगाम जोडतात ती तोंडातली लोखंडी पट्टी. जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५च्या नियमांनी असल्या काटेरी लगामाला बंदी आहे, पण वरातीत ते कोण बघतो? लगामाला नुसता हात लागला तरी ती मान आकाशात न्यायची.

तिला परत माणसात आणायला सहा महिने लागले. आणि मग मी स्वतःच घोळ घातला. आमच्या घोडेस्वारीच्या वर्गाची उन्हाळी सुट्टीची बॅच सुरू झाली, पालकांना पहिल्याच दिवशी पोरगं ‘घोडा चालवताना’ बघायचं होतं, मी पोरांच्या हातात लगाम दिले. तोल गेला की पोर लगामाला लोंबकळायचं. तीन रविवारांत चंद्रीची मान पुन्हा वर. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम: हात सगळ्यांत शेवटी. स्वारीची पद्धत इंग्लिश असो की वेस्टर्न, घोड्याचं शिक्षण जमिनीवरून सुरू होतं आणि स्वाराचं लगामाशिवाय. पुढे लिहिलंय ते सगळं त्याच क्रमाने आहे.

इंग्लिश की वेस्टर्न, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला

फोनवर पहिला प्रश्न हाच येतो. थोडक्यात सांगते. इंग्लिश पद्धत शिकारीच्या आणि पलटणीच्या घोडेस्वारीतून आली. हलकं, सपाट खोगीर, दोन्ही हातांत लगाम, घोड्याच्या तोंडाशी सतत हलका संपर्क. वेस्टर्न आली स्पॅनिश गुराख्यांकडून अमेरिकेत. दिवसभर खोगिरावर बसून गुरं वळायची, एका हातात दोर, म्हणून लगाम दुसऱ्या एकाच हातात आणि तो सैल. खोगीर मोठं, पुढे दोर बांधायला शिंग.

एका हाताने घोडा वळवणं ही अमेरिकेची मिरास नाही, एवढं मात्र लक्षात घ्या. आपल्या शिलेदाराच्या उजव्या हातात भाला असायचा, लगाम डाव्या हातात. पोलोवालेही तसंच करतात. त्यामुळे ‘वेस्टर्न आपलं नाही’ असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. स्पर्धेचं म्हणाल तर ऑलिम्पिकमधले ड्रेसाज (ठरलेल्या चाली नेमकेपणाने करणं), जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या), इव्हेंटिंग (या दोन्हींसोबत मोकळ्या रानातली दौड) हे तिन्ही प्रकार इंग्लिश खोगिरावरचे. २०२३ साली हांगझोऊच्या एशियाई स्पर्धेत भारतीय संघाने सुवर्ण मिळवलं ते ड्रेसाजमध्ये. पोराला पुढे स्पर्धेत उतरवायचं असेल तर इंग्लिशकडे वळा. रानावनात, पन्हाळ्याच्या पायथ्याने लांब रपेट मारायची असेल तर वेस्टर्न अंगाला सुखाची. पण पहिले तीन-चार महिने दोघांचा अभ्यास एकच.

घोडा निवडताना: शिंप्याची टेप आणि थोडं गणित

आपल्याकडे मिळतात ते मारवाडी, काठियावाडी, भीमथडी किंवा मिश्र रक्ताचे घोडे. काटक असतात, पण अमेरिकन घोड्यासारखे रुंद नि वजनदार नसतात. म्हणून वजन मोजा. काटा लागत नाही. शिंप्याची टेप घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. सेंटिमीटरमध्ये मोजलंत तर उत्तर किलोत येतं. चंद्रीचा घेर १६५, लांबी १५०, म्हणजे वजन साधारण ३४४ किलो.

स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहावं, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. चंद्रीसाठी तो आकडा ६९ किलो. इंग्लिश खोगीर सात किलोचं धरलं तर स्वार ६२ किलोचा चालतो. वेस्टर्न खोगीर १५ किलोचं असलं तर ५४ वरच थांबावं लागतं. तांबडा-पांढरा ओरपून ८५ किलोचा झालेला गडी काउबॉय हॅट घालून येतो आणि चंद्रीवरच बसायचं म्हणतो, तेव्हा मी टेप पुढे करते. वाद होत नाही.

वयाचं तर फार जपा. बाजारात दोन वर्षांचं शिंगरू ‘तयार आहे, बसा’ म्हणून दाखवतात. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. तिसऱ्या वर्षी जमिनीवरचे धडे, खोगिराची ओळख, फार तर दहा मिनिटं हलका स्वार. खरी स्वारी चौथ्या वर्षानंतर. घेण्याआधी पशुवैद्याकडून पाय, डोळे, दात आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य आजार माणसालाही होतो. तिथे भीड ठेवू नका. धनुर्वाताची लस घोड्यालाही हवी आणि स्वारालाही.

मैदान

गोल कडं हवं, १६ ते १८ मीटर व्यासाचं. त्याहून लहान केलंत तर घोड्याचे सांधे पिळवटतात. फार मोठं केलंत तर तुमचा आवाज आणि देहबोली पोचत नाही. शिवाय २० बाय ४० मीटरचं आयताकृती मैदान असलं तर उत्तम. खाली दाबलेला मुरूम, वर पाच-सात सेंटिमीटर वाळू. आमच्या एका हितचिंतकाने तालमीतल्या हौद्यासारखी तांबडी माती टाकायला सांगितली होती. कुस्तीला ती मऊ असते, पण कोल्हापूरच्या जुलैत घोड्याच्या टापेखाली तिचा चिखल होतो आणि पाय घसरतो. काळी माती तर नकोच. उताराला चर काढा. पावसाळ्यातल्या निम्म्या अडचणी तिथेच संपतात.

घोडा: जमिनीवरचे धडे

हा भाग लोक उरकतात, आणि पुढे घोडं पेंड खातं ते इथेच.

घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. हे एकदा हातात बसलं की बाकी सगळं त्याचाच विस्तार. मोहरकी, म्हणजे बिट नसलेली तोंडावरची दोरी, घाला, तिला बांधलेला तीन-साडेतीन मीटरचा दोर, म्हणजे काढणी, धरा, घोड्याच्या बाजूला खांद्याशी उभ्या राहा. त्याने एक पाऊल मागे जावं असं हवंय. काढणी छातीच्या दिशेने हलकी ओढा, दोन बोटांनी ओढल्यासारखी. काही होणार नाही. ओढा तसाच ठेवा, वाढवू नका, झटके देऊ नका. घोडा मान वर करेल, मान फिरवेल, तुमच्याकडे बघेल. थांबा. मग त्याचं वजन मागे सरकेल. अजून पाऊल नाही, नुसता छातीचा स्नायू ढिला पडतो आणि पुढच्या पायावरचा भार हलतो. त्याच क्षणी हात सोडा. पूर्ण सोडा. दहा सेकंद काहीही करू नका. तो ओठ चाटेल, डोळे मिटमिटवेल. पुन्हा करा. चौथ्या-पाचव्या वेळी पाऊल मागे पडतं.

एका सेकंदाने उशीर झाला तर तुम्ही भलतंच शिकवता. घोड्याने मान झटकली आणि त्याच वेळी तुमचा हात सुटला, तर त्याने शिकलं की मान झटकली की सुटका होते. बिघडलेल्या बऱ्याच घोड्यांना कोणीतरी हेच नकळत शिकवलेलं असतं.

याच रीतीने क्रमाने शिकवा: पुढे चालणं, थांबणं, मागे सरणं, बोट लावल्यावर मागचा भाग बाजूला नेणं, मग खांदा बाजूला नेणं. रोज वीस मिनिटं, जास्त नाही. मागचा भाग बाजूला नेणं तर फारच कामाचं. घोडा उधळला की त्याचे मागचे पाय एकमेकांना ओलांडायला लावा, इंजिनच बंद पडतं.

मग लाँजिंग, म्हणजे लांब दोरावर घोड्याला आपल्याभोवती गोल फिरवणं. सात-आठ मीटरचा तो दोर, म्हणजे लाँज, आणि लांब चाबूक. चाबूक मारायला नाही, दिशा दाखवायला. तुम्ही, लाँज आणि चाबूक यांचा त्रिकोण करा, घोडा समोर. वॉक, ट्रॉट, थांब, हे तीन शब्द कायम त्याच सुरात उच्चारा. दोन्ही दिशांना सारखा वेळ. बहुतेक घोडे एका बाजूला ताठ असतात, तिकडे अधिक धीर लागतो. वॉक म्हणजे साधं चालणं, चार ठेक्यांचं; ट्रॉट म्हणजे दुडकी, दोन ठेक्यांची; कँटर म्हणजे संथ दौड, तीन ठेक्यांची. डोळे मिटून टापा मोजायची सवय करा. ठेका चुकला तर पाय दुखतोय किंवा घोडा घाबरलाय.

भीती काढण्याचं काम कोल्हापुरात वेगळ्या चवीचं आहे. परदेशातली पुस्तकं छत्री आणि प्लास्टिकच्या पिशव्या सांगतात. आपल्या घोड्याला ढोल-ताशा सोसावा लागतो, आणि हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्याने गाणी लावून जाणारा ट्रॅक्टर. वाढ्यांच्या शेपट्या ट्रॉलीबाहेर फडफडत असतात, घोड्याला ते जनावरच वाटतं. आम्ही ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावतो. आधी शंभर फुटांवर इंजिन बंद. मग इंजिन चालू. मग ट्रॅक्टर घोड्यापासून दूर जातो आणि घोडा त्याच्या मागे चालतो. ज्याचा आपण पाठलाग करतो त्याची भीती कमी होते. सर्वांत शेवटी तो समोरून येतो. याला एक सकाळ पुरत नाही, दहा लागतात. चंद्रीला याउलट ढोल ऐकला की नाचायचीच सवय. तिला ढोल वाजत असताना उभं राहायला शिकवायला ट्रॅक्टरपेक्षा जास्त दिवस गेले.

खोगीर

आधी पाठीवर नुसतं पोतं, मग घडी घातलेली घोंगडी, मग खोगीर. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, एकदम आवळू नका. एक भोक, दहा पावलं चालवा, दुसरं भोक, पुन्हा चालवा. घोडा पाठ कमानीसारखी वर करत असेल तर थांबा.

खोगीर खांद्याच्या थोडं पुढे ठेवून मागे सरकवा, आपोआप थांबेल ती त्याची जागा. मणक्यावर ते टेकता कामा नये. पुढे कमानीखाली दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. मागचं टोक शेवटच्या फासळीपलीकडे गेलं नाही पाहिजे. वेस्टर्न खोगिराचा सांगाडा अमेरिकेच्या रुंद पाठीच्या घोड्यांसाठी बनतो. मारवाडीच्या उंच, निमुळत्या खांद्यावर तो खाली बसतो आणि मणका घासतो. मग मालक खाली गोधड्या कोंबतो. खोगीरभरती म्हणतात ती हीच. बूट घट्ट होतोय म्हणून दोन मोजे घातल्यासारखं होतं, दाब वाढतो. खोगीर बसत नसेल तर परत करा. मी एकदा केलं नाही, दुकानदाराच्या ‘वापरून सैल होईल मॅडम’वर विसंबले, आणि घोड्याच्या खांद्यावर रुपयाएवढे दोन पांढरे डाग कायमचे राहिले. काम झाल्यावर खोगीर काढलंत की घामाचा ठसा बघा. सगळीकडे सारखा ओला असेल तर ठीक. ओल्यामध्ये कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब पडतोय.

बिट आधी साधं, मध्ये सांधा असलेलं स्नॅफल. ओठाच्या कोपऱ्यात एक किंवा दोन सुरकुत्या पडतील एवढंच वर. याचा हिशेब सरळ आहे, हातात जेवढा ओढा तेवढाच तोंडात. वेस्टर्नचं लांब दांड्यांचं कर्ब बिट म्हणजे तरफ. तोंडाच्या पट्टीवरचा भाग चार सेंटिमीटर आणि खालचा दांडा १२ असेल, तर एक किलोचा ओढा हनुवटीच्या साखळीवर तिप्पट होतो. म्हणून तो लगाम सैल असतो आणि म्हणूनच शिकाऊ स्वाराच्या हाती तो देत नाहीत. वेस्टर्न शिकायचंय तरी पहिलं वर्ष स्नॅफलच.

खोगीर अंगवळणी पडलं की दोन लांब दोऱ्या बिटाला लावून घोड्याच्या मागून चालत त्याला हाका. वळणं, थांबणं सगळं जमिनीवरून. मग पहिला स्वार, हलका, अनुभवी, आणि शांत माणसाच्या हातात काढणी. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पाय, पोटावर आडवं पडणं, उतरणं. दोन-तीन दिवसांत मांड. पहिल्या आठवड्यात फक्त वॉक.

लगामाची भाषा: दोन हातांतून एका हातात

इथे इंग्लिश आणि वेस्टर्न वेगळे होतात, पण ही फाटाफूट लोक समजतात तेवढी मोठी नाही.

आधी दोन्ही हातांनी शिकवा. डावीकडे वळायचंय: नजर डावीकडे, धड किंचित डावीकडे, डावा पाय तंगाजवळ, उजवा लगाम घोड्याचा वेग सांभाळतो, डावा हात दार उघडल्यासारखा बाजूला जातो. मागे ओढायचा नाही, बाजूला न्यायचा. घोडा वळला की हात लगेच मऊ.

हे पक्कं झालं, म्हणजे महिना-दीड महिना झाला, की मानेवरचा लगाम सुरू करा. डावीकडे वळताना आधी उजवा लगाम घोड्याच्या मानेला टेकवा, आयाळीच्या मुळाशी, नुसता स्पर्श. एक श्वास थांबा. मग नेहमीचा डावा हात उघडा. घोडा वळला की दोन्ही सोडा. रोज हाच क्रम: स्पर्श, श्वास, मग उघडणं. दोन आठवड्यांनी तो उघडण्याची वाट न बघता स्पर्शालाच वळायला लागतो. तेव्हा दोन्ही लगाम एका हातात घ्या. अडला तर दुसरा हात मदतीला आणा. एक चूक जवळपास प्रत्येक जण करतो. घोडा वळला नाही की हात मानेपलीकडे ओढत नेतो. मग उजवा लगाम आवळतो, बिट उजवीकडे खेचलं जातं आणि घोड्याचं नाक उजवीकडे, अंग डावीकडे. बिचाऱ्याने करायचं काय? हात मानेच्या मध्यरेषेपलीकडे एक-दोन इंचांपेक्षा जास्त गेला की समजा, शिकवणं अजून अर्धवट आहे.

थांबवताना आधी श्वास सोडा, बूड जड करा, पाठ ताठ होऊ न देता थांबवा, लगाम शेवटी. चंद्रीला तर लगाम न लावता फक्त श्वासावर थांबवायला शिकवलं, तिच्या तोंडाला दुसरं काही शोभलंच नसतं.

ट्रॉट आणि वेस्टर्नची संथ जॉग एकच चाल आहे, वेग आणि झेप वेगळी. कँटर आणि वेस्टर्नची संथ लोपही तसेच. कँटर सुरू करताना बाहेरचा पाय तंगामागे हातभर नाही, चार बोटं. आतला तंगाजवळच. डावीकडच्या वर्तुळात डावा पुढचा पाय आघाडीवर हवा. चुकला तर धावता धावता सुधारू नका, ट्रॉटवर या, वर्तुळावर पुन्हा मागा. वळणात मागणं सोपं असतं, कारण घोड्याचं अंग आधीच आत वाकलेलं असतं.

आता स्वार

डोक्यावर हनुवटीचा पट्टा असलेलं घोडेस्वारीचं हेल्मेट. दुचाकीचं चालत नाही, त्याची रचना वेगळ्या आपटण्यासाठी असते. काउबॉय हॅट फोटोपुरती. पायात टाचेचा, गुळगुळीत तळाचा बूट. कोल्हापुरी पायताण घालून आलेल्याला मी खोगिरावर बसू देत नाही, तो कितीही भारी असला तरी. टाच नसली की पाऊल रिकिबीतून पुढे सरकतं, आणि पडताना पाय अडकला तर माणूस फरफटतो. रिकीब बुटापेक्षा अडीच सेंटिमीटर रुंद हवी.

पहिल्या सहा तासिका लाँजवर. घोडा माझ्या हातात, पोराच्या हातात काही नाही, फार तर खोगिराला बांधलेला पट्टा. मांड म्हणजे मांड्या आवळणं नव्हे, हे इथे शिकवायचं. तालमीत घाम गाळलेली पोरं सगळ्यांत अवघड जातात. एक होता, बारावीतला, मांड्या खांबासारख्या. पहिल्या ट्रॉटला त्याने घोड्याला कैची मारली. आवळल्यावर माणूस कपड्याच्या चिमट्यासारखा वर सरकतो. तो सरकत सरकत मानेवर गेला. त्याला म्हटलं, ‘कुस्ती नाही रे बाबा ही, तो तुझ्या जोडीचा नाही, तुझा वस्ताद आहे.’ मग पाय रिकिबीतून काढून लोंबकळवायला लावले. एका तासात खाली बसायला लागला.

क्रम असा ठेवा. वॉकवर हात बाजूला पसरवणं, घोड्याच्या कानाला, मग शेपटीच्या मुळाला हात लावणं, डोळे मिटून कुठला मागचा पाय पडतोय ते सांगणं. कान, खांदा, कंबर, टाच एका ओळंब्यात. वेस्टर्नमध्ये रिकीब थोडी लांब, पाय जास्त सरळ, पण ओळंबा तोच. मग बसूनच ट्रॉट, दहा-दहा पावलं. मग उठबस, म्हणजे पोस्टिंग. घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे गेला की उठा, तो पाय जमिनीवर आला की बसा. डावीकडे फिरत असाल तर उजवा खांदा. सुरुवातीला खाली वाकून बघायला हरकत नाही, पुढे बुडालाच कळतं. वेस्टर्नवाल्यांनीही हे शिकावं. लांब रपेटीत घोड्याची पाठ आणि तुमची कंबर दोन्ही वाचतात.

कुणी पडला तर आधी माणूस, मग घोडा. डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी पुन्हा बसवायचं नाही, ‘भीती घालवायला लगेच बसव’ असं काका-मामा म्हणाले तरी नाही. डोक्याला काही झालं नसेल आणि पोराची तयारी असेल, तर दोन मिनिटं वॉकवर बसवून चांगल्या क्षणी उतरवा.

घाबरलेल्याला ‘घाबरू नको’ म्हणू नका. त्याला काम द्या. पाढे म्हणायला लावा. सतराचा पाढा म्हणताना श्वास रोखता येत नाही, आणि श्वास चालू असला की घोडाही सैल होतो.

रोजचं

आठवड्यात पाच दिवस काम, एक दिवस मोकळी रपेट, एक दिवस सुट्टी. उन्हाळ्यात सकाळी साडेनऊच्या आत आटपा. चंदी, म्हणजे दाणा, दिल्यावर निदान तासभर काम नाही. हरभरा आणि गूळ घालून घोडा ‘पैलवान’ करू नका. फार दाणा, कमी चारा म्हणजे पोटशूळ आणि खुरांचा आजार. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं सगळं त्याला सोसावं लागतं. कडबा, वाळलं गवत आणि पाणी आधी.

विश्रांतीत ताप ३७.५ ते ३८.५ सेल्सियस, नाडी मिनिटाला २८ ते ४४. आपल्या घोड्याचे आकडे तब्येत ठीक असताना लिहून ठेवा, आजारपणात तुलना करायला तेच लागतात. खूर रोज कोरा. पावसाळ्यात तो काळा पडून कुजका वास आला तर चिघळायच्या आत बघा. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी. चामडं पावसात बुरशी धरतं. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, उन्हात नाही. रिकिबीच्या पट्ट्याची शिवण दर रविवारी नखाने ओढून बघा. कोल्हापुरात चामड्याची शिवण करून देणाऱ्या कारागिरांची वाण नाही, सुटण्याआधी न्या.

लगाम कधी द्यायचा

आमच्याकडे त्याची परीक्षा आहे. महाद्वार रोडवर फुलांचा पुडा घेतलात की त्यावर गुंडाळलेला पांढरा दोरा येतो ना, तो. घोड्यांची निगा राखणारे आमचे मोतद्दार मामा तो साठवून ठेवतात. लगामाचं टोक बिटाच्या कडीला थेट न बांधता त्या दोऱ्याच्या एका पदराने बांधायचं. दोन्ही बाजूंना. घोड्याच्या मोहरकीला माझी काढणी असतेच, त्यामुळे धोका नाही. मग वॉकवर आठचा आकडा काढायचा, तीन वेळा थांबायचं, एकदा मागे सरायचं. दोरा तुटला की परत लाँजवर.

इंग्लिश शिकणारा असो वा वेस्टर्न, दोरा तोच. इंग्लिशवाल्याला दोरा ताणलेला ठेवूनही तोडायचा नसतो. वेस्टर्नवाल्याचा झोळ पडलेला असतो, त्याला झोळ राखूनच वळायचं असतं. तो बारावीतला पैलवान पहिल्या दिवशी चार वेळा तोडून गेला. पाचव्या वेळी चंद्रीवर होता. आठचा आकडा झाला, शेवटचं थांबणं राहिलं होतं. त्याने हात हलवलाच नाही, नुसता श्वास सोडला. चंद्री थांबली. मामांनी जाऊन दोऱ्याची गाठ सोडली, दोरा खिशात ठेवला, आणि लगाम बिटाला बांधला.